दोन धरणांमधला एक दिवस

पीच स्प्रिंग्ज हे अरिझोनाच्या वायव्येकडचं छोटंसं गाव. जुना 'रूट ६६' महामार्ग त्याच्या मधूनच जातो. उन्हाळ्यात इथल्या लॉजच्या दारात भल्या सकाळी माणसं जमू लागतात. पायात पट्ट्यांच्या सँडल, डोक्यावर दोरीनं बांधलेली टोपी, हातात कोरड्या कपड्यांची पिशवी. बस येते, गाव मागे पडतं आणि डायमंड क्रीकचा कच्चा रस्ता सुरू होतो. तीस-बत्तीस किलोमीटरच्या या वाटेवर जवळजवळ हजार मीटर उतरायचं असतं. शेवटी शेवटी तर रस्ता आणि ओढा एकच होतात. बस ओढ्याच्या पात्रातून, चाकं पाण्यात बुडवत पुढे जाते. मग एका वळणावर समोर कोलोरॅडो नदी दिसते.

ग्रँड कॅन्यनची घळ नदीच्या वाटेनं मोजली तर ४४६ किलोमीटर लांब आहे. वरच्या टोकाला लीज फेरी आणि खालच्या टोकाला पियर्स फेरी. या दोन ठिकाणांच्या मध्ये मोटारीनं पाण्यापर्यंत पोचता येईल अशी ही एवढीच जागा. लीज फेरीहून निघणाऱ्या ट्रिपला किमान काही दिवस लागतात. स्वतःच्या राफ्ट घेऊन, वल्हवत सगळी घळ पार करणारे दोन-तीन आठवडे नदीवर राहतात. ज्याच्याकडे एकच दिवस आहे आणि ज्याला ग्रँड कॅन्यनच्या आत, खळाळत्या पाण्यावर उतरायचं आहे, त्याला डायमंड क्रीकलाच यावं लागतं. इथली एका दिवसाची राफ्टिंग ट्रिप हुआलापाय ही आदिवासी जमात १९७३ पासून चालवते. रस्ता त्यांचा, जमीन त्यांची, राफ्ट त्यांच्या आणि गाईडही बहुतेक त्यांच्यातलेच.

एका दिवसाच्या राफ्टिंगला अट्टल नदीवाले फारशी किंमत देत नाहीत. मोटर लावलेल्या रबरी राफ्टमध्ये बसायचं, दोरी घट्ट धरायची, भिजायचं आणि संध्याकाळी परत. त्यांच्या मते ही नदीची नुसती तोंडओळख. ही तक्रार अर्धीच खरी आहे. वाळवंटातल्या नदीचं आज काय झालं आहे, तिच्यावर कोणाची सत्ता चालते आणि तिच्यातलं मोकळेपण किती उरलं आहे, हे समजून घ्यायला डायमंड क्रीकच्या खालच्या नदीइतकी चांगली जागा दुसरी नाही. वर ग्लेन कॅन्यन धरण, खाली हूवर धरण. त्या दिवशी पाणी किती असेल, किती गार असेल आणि रॅपिड (खळाळत्या पाण्याचे टप्पे) कुठे थांबतील, यातलं बरंचसं या दोन धरणांनी ठरवलेलं असतं.

या काठावर बाहेरची माणसं यायला लागली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. १८५८ च्या वसंतात लेफ्टनंट जोसेफ आइव्हज हा लष्करी अधिकारी हुआलापाय वाटाड्यांच्या मदतीनं डायमंड क्रीकपाशी उतरला. या निरुपयोगी प्रदेशात आपल्यामागून कोणी गोरा माणूस यायचा नाही, असं त्यानं आपल्या अहवालात लिहून ठेवलं. त्याचा अंदाज पंचवीस वर्षंही टिकला नाही. १८८३ मध्ये रेल्वे पीच स्प्रिंग्जला पोचली आणि १८८४ मध्ये फार्ली नावाच्या माणसानं डायमंड क्रीकजवळ लाकडी हॉटेल बांधलं. ग्रँड कॅन्यनमधलं ते पहिलं हॉटेल. पुढे प्रवासी दक्षिण कड्याकडे वळले आणि हे हॉटेल ओस पडलं.

ज्यांनी आइव्हजला वाट दाखवली त्या हुआलापायांना मात्र १८७४ मध्ये सैन्यानं त्यांच्या डोंगरांतून हुसकून नदीच्या खालच्या अंगाला, ला पाझच्या रणरणत्या उन्हात नेऊन ठेवलं. कित्येक जण तिथे मेले. उरलेले पुढच्याच वर्षी परतले, तर त्यांचे झरे गुराख्यांच्या ताब्यात गेलेले होते. १८८३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं त्यांच्यासाठी सुमारे दहा लाख एकरांची राखीव जमीन ठरवली गेली. तिला नदीचा १०८ मैलांचा काठ आहे. रेल्वेशी चाललेला जमिनीचा वाद १९४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे हुआलापायांच्या पूर्वापार वहिवाटीचा हक्क मान्य झाला. अमेरिकेतल्या आदिवासींच्या जमीनहक्कांच्या इतिहासात त्या निकालाचं स्थान मोठं आहे. हद्दीचा एक वाद मात्र अजून भिजत पडला आहे. जमात म्हणते, आमची हद्द नदीच्या मध्यापर्यंत. ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचं म्हणणं, ती पुराच्या रेषेपाशी संपते. वरून दोन-तीन आठवडे वल्हवत आलेल्या मंडळींनाही डायमंड क्रीकला राफ्ट बाहेर काढायच्या तर जमातीला शुल्क भरावं लागतं.

काठावर लाइफ जॅकेट वाटली जातात. गाईड प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून बघतो, खांद्याला धरून जॅकेट वर उचलून पाहतो. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळायचे. मग सूचना. पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे ठेवा, बोटं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय खडकात अडकला तर पाणी माणसाला पुढे लोटून दाबून धरतं. राफ्ट एका अंगावर उचलली जायला लागली तर सगळ्यांनी उंच झालेल्या बाजूकडे झेपावायचं. आणि एक सूचना, जिच्यामुळे नवखे दचकतात: लघवी करायची ती नदीतच, काठावर नाही. काठावरची वाळू थोडी, माणसं फार आणि पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे वाळूवर केलेली घाण तिथेच राहून वास मारते. नदीत ती लाखो लिटर पाण्यात विरून जाते. बाकी सगळा मैला डब्यात भरून घळीबाहेर न्यावा लागतो. हा नियम वाचायला विचित्र वाटतो, पण एवढ्या माणसांची ये-जा असून इथले वाळूचे काठ स्वच्छ दिसतात, ते यामुळेच.

राफ्ट काठ सोडते तोच पहिला रॅपिड येतो, डायमंड क्रीकचाच. तो तिथे असणं हा योगायोग नाही. ग्रँड कॅन्यनमधले रॅपिड बहुतेक आडव्या ओढ्यांच्या तोंडाशीच असतात. एरवी कोरड्या पडलेल्या या ओढ्यांत वळवाच्या जोरदार सरीनंतर चिखल, माती आणि खोलीएवढे दगड एकत्र वाहत येतात आणि मुख्य नदीत फेकले जातात. नदीचं पात्र आवळतं, वर पाणी तुंबून संथ होतं आणि त्या दगडांच्या ढिगावरून ते एकदम खाली कोसळतं. म्हणूनच या नदीचा उतार पायऱ्यांसारखा आहे. लूना लिओपोल्ड या भूशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये मोजून दाखवलं की घळीतल्या नदीचा निम्मा उतार एकूण लांबीच्या जेमतेम ९ टक्क्यांत सामावला आहे. बाकीचं पाणी संथ. रॅपिड किती लवकर घडतो याचं ठसठशीत उदाहरण वरच्या भागातला क्रिस्टल. १९६६ च्या डिसेंबरपर्यंत तो साधा खळाळ होता. त्या महिन्यात क्रिस्टल क्रीकमधून आलेल्या एका लोंढ्यानं तो कॅन्यनमधल्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक करून टाकला.

रॅपिडच्या तोंडाशी पाणी गुळगुळीत होऊन जिभेसारखं पुढे निमुळतं होत जातं. गाईडची नजर त्या जिभेवर असते. जिथे ती संपते तिथून लाटा सुरू होतात. एकामागून एक सरळ येणाऱ्या लाटा दिसायला भयंकर, पण त्या राफ्टला वर उचलतात आणि सोडून देतात. खरी भीती असते ती मोठ्या खडकावरून पाणी पडून खाली जिथे उलटं फिरतं त्या खळग्याची. वरून तिथे फक्त एक पांढरी कड दिसते, तिच्यामागे काय आहे ते दिसत नाही. तिथे राफ्ट अडकली तर पाणी तिला परत मागे खेचतं. जिभेच्या दोन्ही बाजूंना, काठालगत, पाणी उलट्या दिशेनं वर चढत असतं. पुढे जाणारं आणि मागे फिरणारं पाणी जिथे भिडतं तिथे एक ओळ उठते, कधी कधी वीतभर उंचीच्या फरकानं. मोटर मागे असल्यामुळे गाईड राफ्टचं तोंड किंचित तिरकं ठेवतो, जिभेत शिरल्यावर एकदाच जोर देतो आणि मग हात सैल सोडतो. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या छातीवर पहिली लाट आदळते तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बाहेर हवा चाळीस अंशांच्या वर आणि पाणी एवढं गार, की श्वास अडकतो.

तो गारवा धरणाचा. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १३ मार्च १९६३ रोजी बंद झाले. त्याआधी ही नदी हिवाळ्यात गोठण्याच्या जवळ जायची आणि उन्हाळ्यात कोमट व्हायची, रंगानं गढूळ तांबडी. तिच्या स्पॅनिश नावाचा अर्थच तांबडी असा आहे. धरणानं गाळ अडवला. टर्बाइनकडे जाणारं पाणी जलाशयाच्या खोल थरातून येऊ लागलं, त्यामुळे धरणाच्या पायथ्याशी ते अनेक वर्षं बाराही महिने आठ-दहा अंशांवर राहिलं. डायमंड क्रीकपर्यंत येताना उन्हानं ते काही अंश चढतं, आणि वाटेत मिळणाऱ्या उपनद्या पावसाळ्यात पाणी पुन्हा गढूळ करतात. (अरिझोनातले लोकही जुलै ते सप्टेंबरच्या या पावसाला 'मॉन्सून'च म्हणतात.) पण मुळातली नदी बदलली ती बदललीच. कोमट, गढूळ पाण्यावर वाढलेले इथले मासे संकटात आले. काठांवरची वाळू नव्यानं येईना आणि होती ती झिजू लागली.

पाण्याची पातळीही आता ऋतूवर अवलंबून नाही. धरणापूर्वी वसंतात बर्फ वितळून आलेल्या पुरानं एक लाख क्युसेकचा आकडा अनेकदा ओलांडला होता. धरण झाल्यावर विसर्ग विजेच्या मागणीप्रमाणे होऊ लागला. फिनिक्समध्ये दुपारी एअर कंडिशनर सुरू झाले की पाणी सोडायचं, रात्री आवळायचं. सुरुवातीच्या दशकांत तर एका दिवसात नदी तीन मीटरांहून अधिक वरखाली व्हायची. रात्री काठाला बांधलेली होडी सकाळी कोरड्या वाळूवर सापडायची. १९९२ च्या ग्रँड कॅन्यन संरक्षण कायद्यानंतर याला वेसण बसली. नेहमीचा विसर्ग पाच हजार ते पंचवीस हजार क्युसेकच्या मध्ये ठेवायचा आणि चढ-उतारालाही मर्यादा, असं ठरलं. १९९६ च्या वसंतात मुद्दाम आठवडाभर ४५ हजार क्युसेक सोडून पात्रातली वाळू काठांवर चढवण्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे तो अनेकदा झाला, अलीकडे २०२३ च्या एप्रिलमध्ये. डायमंड क्रीक धरणापासून नदीच्या वाटेनं जवळजवळ चारशे किलोमीटर खाली आहे. सोडलेल्या पाण्याचा चढ तिथे पोचायला साधारण दोन दिवस लागतात. म्हणजे शनिवारी राफ्टमध्ये बसलेला माणूस गुरुवारी शहरानं वापरलेल्या विजेच्या पाण्यावर तरंगत असतो.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. तिथेही सकाळीच उतरावं लागतं, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी ठराविक वेळीच पात्रात येतं. ते पाणी मूळचं मुळशीचं. घाटमाथ्यावरून पूर्वेला जाणारं, धरणानं अडवून पश्चिमेला वळवलेलं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज पुण्या-मुंबईची तरुण मंडळी लाटा झेलतात. त्या लाटांवरच्या आनंदात काही गैर नाही. पण राफ्टिंगच्या माहितीपत्रकात मुळशीचं नाव कुठेतरी असायला हवं.

धरण नदीला बांधून ठेवतं, पण नेहमीच नाही. १९८३ च्या जूनमध्ये रॉकी पर्वतातलं उशिरा साठलेलं बर्फ एकदम वितळलं आणि ग्लेन कॅन्यन धरणाचा जलाशय, लेक पॉवेल, काठोकाठ भरला. दरवाज्यांवर प्लायवुडच्या फळ्या उभ्या करून पाणी अडवावं लागलं. सांडव्याच्या बोगद्यांत पाण्याच्या वेगानं काँक्रीट उखडून खडकात प्रचंड भगदाडं पडली. विसर्ग ९० हजार क्युसेकच्या वर गेला. त्याच पुरात, २५ जूनच्या रात्री, केंटन ग्रुआ, रुडी पेट्शेक आणि स्टीव्ह रेनल्ड्स हे तिघे गाईड 'एमराल्ड माइल' नावाची लाकडी होडी घेऊन लीज फेरीहून निघाले. क्रिस्टलमध्ये होडी उलटली. त्यांनी ती सरळ केली आणि सगळी घळ ३६ तास ३८ मिनिटांत पार केली. नदीवरच्या गप्पांत ही गोष्ट आजही निघते. तिच्यात धाडस आहेच. पण त्या पुरात नदी काही काळापुरती जुन्या रूपात आली होती, या गोष्टीचंही त्या लोकांना अप्रूप आहे.

डायमंड क्रीकखालच्या बहुतेक रॅपिडना नावं नाहीत, मैलांचे आकडे आहेत: २३१, २३२, २३४, २३७. लीज फेरी म्हणजे शून्य. त्याआधी २२९ व्या मैलावर राफ्ट डाव्या काठाला लागते आणि माणसं दोराच्या आधारानं खडक चढून ट्रॅव्हर्टाइन धबधब्यापर्यंत जातात. झऱ्यातल्या चुन्यानं खडकावर थर चढून इथे पडद्यासारख्या घड्या झाल्या आहेत. त्या गार सावलीत दहा मिनिटं उभं राहिलं की वाळवंट म्हणजे काय ते कळतं, असं म्हणायला हरकत नाही. परत राफ्टमध्ये आल्यावर दोन्ही बाजूंना काळे, नदीनं घासून चकचकीत केलेले खडक सुरू होतात. सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचे. माथ्यावरचा चुनखडक त्यांच्या मानानं कालचा, सत्तावीस कोटी वर्षांचा.

२३२ व्या मैलावरच्या रॅपिडच्या खालच्या टोकाला असेच घासून धारदार झालेले खडक उभे आहेत. कमी पाण्यात ते सुळ्यांसारखे वर येतात. ग्लेन आणि बेसी हाइड या नवविवाहित जोडप्याचा घात इथेच झाला असावा, असा अनेक गाईडांचा तर्क आहे. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये ते घरी बांधलेल्या सपाट तळाच्या होडीतून निघाले होते. ही घळ पार करणारी बेसी पहिली स्त्री ठरली असती. त्यांनी लाइफ जॅकेट घेतली नव्हती. डिसेंबरमध्ये त्यांची होडी २३७ व्या मैलाच्या आसपास सरळ तरंगताना सापडली, सामान जागच्या जागी. ती दोघं कधीच सापडली नाहीत. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, नॉर्मन नेव्हिल्सनं पैसे घेऊन चालवलेल्या पहिल्या ट्रिपमध्ये एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. ग्रँड कॅन्यन नदीवाटे पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. नदीवरच्या ट्रिपचा धंदा इथे सुरू झाला तो दोन शास्त्रज्ञ स्त्रियांच्या निवडुंग गोळा करण्याच्या हट्टापायी, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणखी दोन मैल खाली उजवीकडे सेपरेशन कॅन्यनचं तोंड लागतं. जॉन वेस्ली पॉवेल, यादवी युद्धात उजवा हात गमावलेला भूशास्त्रज्ञ, १८६९ च्या मेमध्ये नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन निघाला होता. तीन महिन्यांनी इथे पोचेपर्यंत एक होडी फुटली होती, एक माणूस आधीच सोडून गेला होता आणि खायला फार थोडं उरलं होतं. समोरचा रॅपिड पाहून हाउलंड बंधू आणि विल्यम डन यांनी नदीला रामराम ठोकला. २८ ऑगस्टला ते तिघे कड्यावर चढून गेले आणि नंतर मारले गेले. बाकीचे सहा जण दोन होड्यांतून रॅपिड उतरले आणि दुसऱ्याच दिवशी घळीबाहेर पडले. ज्या रॅपिडच्या धास्तीनं ते तिघे गेले तो आज पाहायला मिळत नाही. हूवर धरणाचा जलाशय, लेक मीड, १९३०च्या दशकात इथपर्यंत चढला आणि सेपरेशनचा रॅपिड त्याखाली गेला. थोडं पुढचा लाव्हा क्लिफ तर संपूर्ण घळीतला सर्वांत वाईट रॅपिड मानला जायचा. तोही गाळाखाली गेला. म्हणून एका दिवसाच्या ट्रिपमधलं खळाळतं पाणी २३७ नंतर संपतं आणि पुढे मोटरच्या आवाजात संथ पाणी कापत जावं लागतं.

खुद्द त्या रॅपिडच्या जागीही धरण व्हायचं होतं. ब्रिज कॅन्यन धरण २३७ व्या मैलाजवळ बांधायचं घाटत होतं. ते झालं असतं तर डायमंड क्रीकचा काठ, ट्रॅव्हर्टाइनची वाट, २३२ चे खडक, सगळं पाण्याखाली गेलं असतं. १९६६ मध्ये डेव्हिड ब्रॉवर आणि सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संघटना यांनी वर्तमानपत्रांत पान-पानभर जाहिराती देऊन देश ढवळून काढला आणि १९६८ च्या कायद्यातून हे धरण वगळलं गेलं. अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीचा हा मोठा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो होताच. पण ही गोष्ट इथेच थांबवली तर अर्धी राहते. हुआलापाय जमातीचा त्या वेळी धरणाला पाठिंबा होता. रस्ते, नोकऱ्या, उत्पन्न, यांतलं काहीच नसलेल्या लोकांना धरणाच्या महसुलात आशा दिसत होती. धरण गेलं आणि त्याच्या जागी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उरला. पाच वर्षांनी सुरू झालेली राफ्टिंगची ट्रिप हे त्याचं एक उत्तर. २००७ मध्ये कड्यावर उघडलेला काचेचा स्कायवॉक हे दुसरं. नदी वाचवा म्हणणाऱ्यांनी काठावरच्या माणसांच्या पोटाचाही विचार करायला हवा, हे या जागेइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

नदीवर माणसं किती असावीत, हाही प्रश्न जुना. १९६७ मध्ये सुमारे दोन हजार लोकांनी ग्रँड कॅन्यनची नदी पार केली. १९७२ मध्ये ती संख्या सोळा हजारांवर गेली आणि उद्यानाला मर्यादा घालाव्या लागल्या. खासगी ट्रिपच्या परवान्यासाठी प्रतीक्षायादी दहा वर्षांच्या पुढे गेली. अखेर २००६ च्या आराखड्यानं यादी मोडीत काढून सोडत आणली. मोटर हवी की वल्हं, यावरही भांडण झालं. मोटर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा उद्यानाचा बेत १९८० मध्ये संसदेतल्या एका दुरुस्तीनं हाणून पाडला. वल्हेवाल्यांची बाजू मनाला पटते. शांतता हा या घळीचा निम्मा ऐवज आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला, पन्नास तासांची सुट्टी मिळालेल्या कामगाराला नदी दाखवायची तर मोटरवाचून मार्ग नाही. एका दिवसाच्या ट्रिपला म्हणूनच हसू नये.

वाळवंटी घळींतून एका दिवसात राफ्टिंग करण्याच्या जागा अमेरिकेच्या नैर्ऋत्येत आणखीही आहेत, आणि प्रत्येकीची मालकी वेगळी. युटातल्या वेस्टवॉटर कॅन्यनमध्ये हीच कोलोरॅडो नदी २७ किलोमीटर काळ्या खडकांतून जाते. तिथला स्कल रॅपिड गाईडांनाही घाम फोडतो आणि माणसांची संख्या परवान्यांनी मोजून दिली जाते. मोआबजवळचा फिशर टॉवर्सचा टप्पा सौम्य, लहान मुलांसकट जाण्याजोगा. अरिझोनातली सॉल्ट नदी वरच्या घळीत मोकळी आहे, वर मोठं धरण नाही. त्यामुळे तिचा हंगाम बर्फावर: मार्च ते मे. हिवाळा कोरडा गेला तर हंगाम जवळजवळ होतच नाही. परवाना अपाची जमातीकडून. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेचा टाओस बॉक्स. वर कोलोरॅडो राज्यातले शेतकरी किती पाणी उचलतात त्यावर खालची मजा ठरते. आपल्याकडेही लडाखच्या थंड वाळवंटात झंस्कार नदीवर चिलिंगहून निम्मूच्या संगमापर्यंत एका दिवसात जाता येतं. तिथे वेळापत्रक उन्हाचं. दिवसभर वितळलेलं हिमनदीचं पाणी संध्याकाळकडे चढत जातं. सॉल्ट आणि झंस्कार या दोन नद्यांवर उतरलेला माणूस डायमंड क्रीकला आला की त्याला काय हरवलं आहे ते लगेच जाणवतं.

धोक्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पाण्यात पडण्याची भीती सगळ्यांना असते, उन्हाची कमी जणांना. गार लाटा अंगावर येत असल्यानं तहान लागत नाही आणि घाम दिसत नाही, कारण तो लगेच उडून जातो. उलट काही जण धास्तीनं नुसतं पाणीच पाणी पितात आणि रक्तातलं मीठ कमी होऊन चक्कर येते, गोंधळायला होतं. म्हणून इथे पाण्याबरोबर खारट खाणं देण्याची पद्धत आहे. आणि ओढे. वर कुठेतरी ढग फुटला तर निळ्या आकाशाखालीही ओढ्याला लोंढा येतो. डायमंड क्रीकचा रस्ता अशा लोंढ्यांत अनेकदा वाहून गेला आहे आणि जमातीनं तो पुन्हा पुन्हा बांधला आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नदीचं दुखणं वेगळंच झालं आहे. १९२२ च्या करारात सात राज्यांनी आपसांत वाटून घेतलेलं पाणी मुळात नदीत नव्हतंच. ज्या वर्षांवरून हिशेब केला ती वर्षं ओली होती. २००० पासून दुष्काळ, वाढलेली उष्णता आणि चार कोटी माणसांची तहान. २०२२ च्या जुलैमध्ये लेक मीड भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला गेला, जेमतेम सत्तावीस टक्के भरलेला. लेक पॉवेल इतका उतरला की वरच्या थरातलं कोमट पाणी टर्बाइनमधून जाऊ लागलं आणि त्याबरोबर बाहेरचे शिकारी मासे धरणाखाली येऊन अंडी घालू लागले. २००७ मध्ये ठरलेले पाणीकपातीचे नियम २०२६ अखेर संपतात.

पण जलाशय मागे सरकला की नदी आपली जागा परत मागते. वर युटात, कॅटरॅक्ट कॅन्यनमध्ये, लेक पॉवेलखाली गेलेले रॅपिड एकेक करून बाहेर येऊ लागले आहेत. मोआबच्या काही नदीवेड्यांनी जुने फोटो हातात घेऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. डायमंड क्रीकच्या खालीही तेच चाललं आहे. सेपरेशनच्या पुढे दोन्ही काठांना लेक मीडनं सोडलेल्या गाळाच्या भिंती उभ्या आहेत, दोन-तीन मजले उंच, फिकट तपकिरी. ट्रिप संपता संपता, दुपारच्या उन्हात सगळे पेंगुळलेले असताना, त्यातला एखादा कडा अचानक सुटतो आणि धप्पकन पाण्यात पडतो. राफ्ट हलते, धूळ उठते. खाली पियर्स फेरीला नदीनं जुनी वाट सोडून गाळातून नवी वाट कोरली आणि कठीण थराच्या एका उंबऱ्यावर येऊन पोचली. तिथे पूर्वी नसलेला, कोणत्याही जुन्या नकाशावर न सापडणारा एक रॅपिड तयार झाला. पियर्स फेरी रॅपिड हे त्याचं नाव. तो इतका बेभरवशाचा आहे, की राफ्ट त्याच्या वरच बाहेर काढल्या जातात. धक्का चुकला तर पुढे थांबायला जागा नाही. गाईड अर्धा किलोमीटर आधीपासूनच राफ्ट काठाला घासत नेतात. दोर फेकला जातो, कोणीतरी तो झेलतो. जॅकेटं उतरवली जातात, टोप्यांतून वाळू झटकली जाते, आणि बसपर्यंत चालत जाताना वळणापलीकडून त्या नव्या पाण्याचा आवाज येत राहतो.